हिवाळ्यातील रात्रीचे पाणी

रब्बीचा हंगाम ऐन भरात येतो तो मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत. गहू फुटवे धरीत असतो, कांद्याची लागण उरकत आलेली असते, प्रवरा-मुळेच्या काठचा ऊस तोडणीला लागलेला असतो. आणि याच दिवसांत अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील कित्येक शेतकऱ्यांना मध्यरात्री घोंगडी पांघरून, हाती विजेरी घेऊन विहिरीची वाट धरावी लागते. ज्या वाहिन्यांवर शेतीची वीज अजून पाळीने मिळते, तेथे दिवसाची पाळी संपली की रात्रीची सुरू होते आणि पीक काही पाळी पाहून तहानत नाही. या रात्रीच्या पाण्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ते जितक्या लवकर बंद होईल तितके बरे. कारण त्यात वीज वाया जाते आणि जीवही धोक्यात येतो.

रात्रीच्या विजेची प्रथा पडली त्यामागे त्या काळी कारण होते. रात्री कारखान्यांची व कचेऱ्यांची मागणी उतरते, त्या वेळी पंप चालले तर विद्युतकेंद्रांवरचा भार समतोल राहतो, असा तो हिशेब होता. तो विजेच्या दृष्टीने बरोबर असला तरी शेताच्या दृष्टीने अपुरा होता. अंधारात बांध फुटला तर दिसत नाही, पाट कोठे पाझरतो ते कळत नाही, वाफा भरून पाणी शेजाऱ्याच्या रानात गेले तरी पत्ता लागत नाही. थंडीने कुडकुडणारा माणूस मोटर चालू करून घरी परततो आणि पहाटेपर्यंत पंप चालू राहतो. एका वाफ्याला पुरेल एवढ्या विजेत दोन वाफ्यांचे पाणी वाहून जाते, ही बचत कसली?

आता कोणी म्हणेल की, वीज मोफत असता बचतीची चिंता कशाला? मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना बिल येत नाही, हे खरे आहे. परंतु बिल माफ झाले म्हणून विहिरीचा तळ वर येत नाही. एक एकरास सहा सेंटिमीटर पाण्याची पाळी द्यावयाची तर सुमारे २४३ घनमीटर पाणी उपसावे लागते. पाणी दहा मीटरांवर असेल आणि पंप-मोटर मिळून चाळीस टक्के कार्यक्षम असतील, तर त्यास सुमारे साडेसोळा युनिट लागतात. तेच पाणी चाळीस मीटरांवर गेले की सहासष्ट युनिट. वीज पाळीने व मोजक्या तासांची मिळते. म्हणजे खोल पाण्याच्या मालकाचे शेत अर्धे भिजून राहते आणि उरलेल्यासाठी त्याला पुन्हा रात्रीच उठावे लागते. पैशाचा प्रश्न सुटला तरी तासांचा प्रश्न तसाच राहिला, तो असा.

म्हणून विजेची पहिली बचत पंपावर होत नाही, ती पाणलोटात होते. नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे उदाहरण या जिल्ह्यात कोणाला सांगावयास नको. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने माथा ते पायथा पाणी अडविले, सिंचनासाठी विंधणविहिरी घेण्यास बंदी केली, ऊस-केळी वर्ज्य केली आणि पाऊस संपल्यावर पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडून पिके ठरविण्याची रीत घातली. लोक त्याला पाण्याचे काम म्हणतात. आम्ही त्याला विजेचेही काम म्हणू, कारण वर राहिलेल्या पाण्याचा प्रत्येक मीटर हा न जाळलेल्या विजेचा मीटर आहे.

दुसरी बचत पिकाची गरज ओळखण्यात आहे. हिवाळ्यात ऊन कोवळे असते व बाष्पीभवन कमी असते. उन्हाळ्याच्या सवयीने पाळ्या दिल्यास पाणीही जाते व जमीनही बिघडते. गव्हास एकच पाणी देणे शक्य असेल तर ते पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी द्यावे; दोन शक्य असतील तर पहिले २० ते २२ दिवसांनी व दुसरे ६० ते ६५ दिवसांनी द्यावे. पाणी आहे म्हणून पाजणे आणि पीक मागते म्हणून पाजणे, यांत अनेक रात्रींच्या जागरणाचे अंतर आहे. नळाच्या बाबतीतही काटकसर उलटी पडते. तीन इंची नळाऐवजी अडीच इंची नळ घातला, तर तेवढेच पाणी नेताना आतील घर्षण सुमारे अडीचपट होते. स्वस्त नळ घेणारा शेतकरी एकदा वाचवितो आणि पुढे दर पाळीला भरतो.

आता ऑटोस्विचविषयी. शेतकऱ्याने तो का बसविला हे समजण्यासारखे आहे. थंडीत उठून जावयास नको, वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी, एवढीच त्याची इच्छा. परंतु एका रोहित्रावरील सर्वांनीच तो बसविला, तर वीज येताच सर्व मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. रोहित्र तो भार सोसत नाही. ते जळते आणि ऐन ओंबीच्या वेळी सारी वस्ती बिनपाण्याची बसते. एकाची सोय ती दहांची आपत्ती, असा हा प्रकार आहे. याउलट कपॅसिटर बसविण्यात टाळाटाळ होते. तीन अश्वशक्तीला एक, पाचला दोन आणि साडेसातला तीन केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर लावला, तर तारेतून ओढला जाणारा प्रवाह घटतो, दाब टिकतो आणि रोहित्राचे आयुष्य वाढते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकेका शेतकऱ्यास गाठून हे सांगण्याऐवजी एका रोहित्रावरील सर्वांना एकत्र बसवून सांगावे. एकट्याने कपॅसिटर लावून रोहित्र वाचत नाही. मात्र एक फेज चालू असता कपॅसिटर जोडून तीन फेजची मोटर चालविण्याची जी युक्ती काही ठिकाणी चालते, ती बचत नव्हे. ती मोटर जाळण्याची तयारी होय.

आता जिवाचा प्रश्न. रात्री ओल्या पायांनी, ओल्या हातांनी स्टार्टरच्या पेटीला हात लावणे हे मरणाला हात लावण्यासारखे आहे. पेटीपुढे कोरडी लाकडी फळी असावी, पायांत रबरी पादत्राणे असावीत, मोटर व पेटी यांना अर्थिंग असावे. फ्यूजच्या जागी जाड तार पिळून बसविणे आणि डीपीवर स्वतः चढून काम करणे ही सवय गावोगाव आढळते, आणि दरवर्षी तिची किंमत कोणीतरी मोजतो. तार तुटली, ठिणग्या पडल्या तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि माणूस येईपर्यंत तेथे कोणास फिरकू देऊ नये.

थंडीचे दोन धोके लोकांच्या ध्यानी येत नाहीत. पहिला, पंपाच्या खोलीत दार लावून कोळशाची शेगडी पेटविणे. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोप लागते आणि माणूस उठत नाही. शेकोटी उघड्यावर करावी, तीही विजेच्या तारांखाली वा उसाच्या पाचटाजवळ नव्हे. दुसरा धोका बिबट्याचा. उसाच्या फडात त्याने बस्तान बसविले आहे, मादी तेथेच विते, आणि तोडणी सुरू झाली की आसरा मोडून ती बिथरते. फडाशेजारी पाणी धरावयाचे असल्यास एकट्याने जाऊ नये, खाली वाकून बसू नये, विजेरी व आवाज चालू ठेवावा, लेकरांना सोबत नेऊ नये.

परंतु ही सारी काळजी म्हणजे ठिगळ. वस्त्र नवे हवे असेल तर वीज दिवसा मिळावयास हवी, आणि ती वाट याच जिल्ह्यातून निघाली आहे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तेव्हा पथदर्शी प्रकल्पासाठी यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबीबरोबर पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची निवड झाली. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारावयाचा आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला दिवसा द्यावयाची, अशी ही कल्पना. रात्रीच्या विजेचा जुना हिशेब येथे उलटा होतो. आता विजेची सुबत्ता भर दुपारी असते आणि पाणी धरणाराही त्याच वेळी बांधावर उभा असतो. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात खाजगी जमिनीस हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे ठेवले आहे. ज्यांच्या विहिरीला वीजजोडणीच नाही, त्यांना सौर पंपाच्या योजनेत किमतीच्या दहा टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना पाच टक्के, हिस्सा भरावा लागतो.

एका प्रसंगी मात्र रात्रीच्या पाण्याचा उपयोग आहे. थंडीची लाट येऊन पारा फार खाली उतरला, तर विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असल्याने हलके पाणी दिल्यास पीक गारठ्यापासून वाचते. तेही शक्यतो सायंकाळी द्यावे, आणि द्यावयास दोघांनी जावे.

या हंगामात गावसभेपुढे एक प्रश्न अवश्य ठेवावा: आपल्या वाहिनीला दिवसाची वीज मिळण्यासाठी उपकेंद्राजवळ गायरान अथवा पडीक जमीन किती आहे, आणि ती देण्यास गाव तयार आहे काय? बऱ्याच ठिकाणी अडते ते येथेच. गावाचा ठराव झाला की तो सातबाऱ्याच्या उताऱ्यासह महावितरणच्या कार्यालयात पोहोचता करावा, आणि त्याची पोच घेऊन ठेवावी.