औषधाचा डबा आणि देशाची तिजोरी

‘आर्थिक विकास’ म्हटले की कारखाने, महामार्ग आणि शेअर बाजार डोळ्यांसमोर येतात. उशाशी असलेला औषधाचा डबा कोणाला आठवत नाही. वास्तविक या दोहोंचे नाते फार निकटचे आहे.

घरातील सत्तरीच्या व्यक्तीस पक्षाघात झाला, असे समजा. रुग्णालयाचे बिल हा केवळ आरंभ. पुढे फिजिओथेरपी, परिचारक आणि औषधे यांचा दरमहा खर्च सुरू होतो. मुलगा बिनपगारी रजा काढतो, सून किंवा मुलगी नोकरी सोडते, नातवंडांच्या शिक्षणासाठीची मुदतठेव मोडावी लागते. आजारी पडते एक व्यक्ती. परंतु दोघांचे श्रम आणि कुटुंबाची बचत खर्ची पडते. असंख्य घरांत हेच घडते, तेव्हा तो देशाचाच तोटा ठरतो. पक्षाघाताचे प्रमुख कारण असलेला उच्च रक्तदाब मात्र बहुतेकांच्या बाबतीत रोजच्या स्वस्त गोळीने आटोक्यात राहू शकतो.

म्हणूनच आरोग्यावरील सरकारी खर्चाकडे गुंतवणूक म्हणून पाहिले पाहिजे. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, असे भोर समितीने १९४६ मध्येच सांगितले होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. एकूण आरोग्यखर्चातील कुटुंबांनी खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती खरीच. तरीही त्या वर्षी शंभरातील जवळजवळ चाळीस रुपये कुटुंबाच्याच खिशातून गेले.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. दाखल होण्याची वेळच येऊ नये म्हणून लागणारी रोजची गोळी त्यात येत नाही. धोरणातील ही उणीव भरून निघणे अगत्याचे आहे.

तोवर आपल्या हाती असलेले चार उपाय अवश्य करावेत. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान कार्ड आजारपणाची वाट न पाहता काढून ठेवावे. जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब व मधुमेहाची तपासणी विनामूल्य होते, तिचा लाभ घ्यावा. औषधे तेथे किंवा जनऔषधी केंद्रात मिळतात का, याची चौकशी करावी. आणि रक्तदाब ‘नॉर्मल’ आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. तो बहुधा त्या गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

आजीआजोबांची गोळी वेळेवर देणाऱ्या घरातील व्यक्तीच्या कामाची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात होत नाही. देशाची संपत्ती राखण्यात त्या कामाचा वाटा मात्र निश्चित आहे.