'सर्वोत्तम बिअर' ठरवतो कोण?

बिअरच्या चाहत्यांनी चाहत्यांसाठी चालवलेले 'रेटबिअर' हे संकेतस्थळ १ फेब्रुवारी २०२५ रोजी बंद झाले. २००० साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर जगभरातील हौशी मंडळी आपण चाखलेल्या बिअरला गुण देत आणि त्या गुणांवरून दरवर्षी 'जगातील सर्वोत्तम' अशी यादी जाहीर होत असे. बंद पडताना त्याची मालकी एबी इनबेव्ह या जगातील सर्वांत मोठ्या बिअर उत्पादक कंपनीकडे होती. आधी अल्प हिस्सा आणि २०१९ मध्ये संपूर्ण मालकी, अशा दोन टप्प्यांत कंपनीने ते घेतले होते. स्पर्धकानेच परीक्षकाची खुर्ची विकत घ्यावी आणि काही वर्षांनी ती मोडीत काढावी, असा हा प्रकार. अल्प हिस्सा विकल्याची बातमी २०१७ मध्ये फुटली, तेव्हा अमेरिकेतील काही छोट्या उत्पादकांनी आपल्या बिअरचे गुण या संकेतस्थळावरून काढून टाकण्याची जाहीर मागणी केली होती. त्यामागचे कारण उघड होते.

मात्र, या घटनेकडे केवळ एका कंपनीच्या धोरणाचा भाग म्हणून पाहून चालणार नाही. अशा गुणांना कितपत वजन द्यायचे, हा प्रश्न त्याहून जुना आहे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण बेल्जियममधील एका मठात सापडते.

पश्चिम फ्लँडर्समधील वेस्टव्लेटरेन या गावात सेंट सिक्स्टस हा ट्रॅपिस्ट पंथीयांचा मठ आहे. मठ १८३१ चा, तर तेथील बिअर १८३८ पासूनची. तिथे तयार होणारी 'वेस्टव्लेटरेन १२' ही गडद तपकिरी, १०.२ टक्के अल्कोहोलची बिअर २००५ मध्ये रेटबिअरच्या यादीत पहिली आली. बातमी जगभर गेली, मठाच्या दारात मोटारींची रांग लागली आणि साठा संपला. एखाद्या कारखानदाराने अशा वेळी उत्पादन दुप्पट केले असते. मठवासीयांनी ते वाढवले नाही. मठाचा खर्च भागेल एवढीच बिअर बनवायची, हे त्यांचे धोरण आजही कायम आहे. वर्षाला पाच-सहा हजार हेक्टोलिटरच्या आसपासचे हे उत्पादन मोठ्या कारखान्याच्या तुलनेत नगण्यच म्हणावे लागेल.

परिणाम ठरलेलाच होता. फोनवर आगाऊ नोंदणी, मोटारीचा क्रमांक देणे, पुन्हा न विकण्याची अट, एवढे सगळे असूनही काळाबाजार फोफावला. २०१२ मध्ये मठाच्या बांधकामासाठी निधी हवा होता, तेव्हा अपवाद म्हणून सहा बाटल्या आणि दोन पेले असलेले खोके अमेरिकेत विकायला गेले. किंमत सुमारे ८५ डॉलर होती, तरी ते हातोहात संपले. २०१८ मध्ये एका डच सुपरमार्केट साखळीने मठाच्या परवानगीविना हीच बिअर दहा युरोला एक या भावाने विकली. मठात ती दोन युरोच्या आसपास मिळत होती. मठाने जाहीर नाराजी नोंदवली आणि २०१९ मध्ये फोनऐवजी ऑनलाइन नोंदणी सुरू केली.

आता दुसरी बाटली पाहू. वेस्टव्लेटरेनपासून काही किलोमीटरवर वाटू हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, मठाने बिअर बनवून विकण्याचा परवाना तेथील एका खासगी उत्पादकाला दिला. मठातील जाणकार कारागीर कृती आणि यीस्टसह तिकडे गेला. हा करार १९९२ मध्ये संपला आणि तेव्हापासून तो कारखाना 'सेंट बर्नार्डस' या नावाने स्वतःची बिअर विकतो. त्यांची 'अब्ट १२' दहा टक्क्यांची आहे. मूळ यीस्ट आपल्याकडे अजून जिवंत असल्याचा दावा हा कारखाना करतो, तर मठ आता वेस्टमाल या दुसऱ्या ट्रॅपिस्ट मठाकडून यीस्ट आणतो. म्हणजे वंशावळीचाच मुद्दा असेल, तर दुकानात सहज मिळणाऱ्या या बाटलीचा हक्क कदाचित अधिक ठरेल. तरीही तिच्यासाठी कोणी रांग लावत नाही.

या दोन बाटल्यांमधला फरक जिभेला कळतो का? त्यासाठी अशा बिअरचे परीक्षण कसे होते, हे पाहावे लागेल. अमेरिकेतील 'बीजेसीपी' या परीक्षक प्रमाणन संस्थेची गुणपत्रिका स्पर्धांमध्ये सर्रास वापरली जाते. पन्नासपैकी गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील पोताला ५ आणि एकूण प्रभावाला १० गुण. परीक्षकापुढे पेला येतो तो क्रमांक लावून. नाव झाकलेले असते. बेल्जियन पद्धतीच्या गडद, कडक बिअरसाठी या संस्थेने अल्कोहोलची मर्यादा ८ ते १२ टक्के अशी धरली आहे.

पेला रुंद तोंडाचा हवा आणि बिअर बर्फासारखी थंड नको. दहा-बारा अंशांच्या खाली तिचा गंध मिटून जातो. चांगल्या नमुन्यात काळे मनुके, सुके अंजीर, खजूर यांचा वास येतो. तो फळे घातल्याने नव्हे, तर यीस्टमुळे येतो. त्यामागून लवंग-मिऱ्याची हलकी छटा जाणवते, तीही यीस्टचीच. काकवीची आठवण करून देणारा गोडवा गडद साखरेच्या पाकातून येतो. गंमत अशी की, या पाकामुळे बिअर गोड न होता उलट हलकी होते. यीस्ट ही साखर जवळजवळ पूर्ण खाऊन टाकते आणि अल्कोहोल वाढूनही घोट जड होत नाही. शेवट कोरडा असायला हवा. दहा टक्के अल्कोहोलची ऊब छातीत जाणवावी, पण घशाला चटका बसू नये. गुण इथेच मिळतात किंवा जातात. बाटलीतच पुन्हा आंबवली जात असल्याने ती काही वर्षे ठेवता येते. मात्र हवा लागली, तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो.

भारतीय वाचकाने येथे एक खुलासा लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे २०१८ च्या अन्नसुरक्षा मानकांनुसार पाचपेक्षा जास्त आणि आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली ती 'स्ट्राँग'. ती बहुतेक वेळा लवकर चढावी म्हणून घेतली जाते. मठांच्या परंपरेतील कडक बिअरची ३३ सेंटिलिटरची बाटली तासभर पुरवायची असते.

रेटबिअरची गुणपत्रिका वरवर अशीच होती. गंध १०, रूप ५, चव १०, पोत ५ आणि एकूण प्रभाव २०. फरक शेवटच्या आकड्यात आहे. स्पर्धेत पन्नासपैकी दहा गुण 'एकूण प्रभावा'ला, तर येथे वीस. शिवाय गुण देणाऱ्याच्या समोर बाटली, नाव आणि ती मिळवण्यासाठी केलेली यातायात, सगळे हजर. शेकडो किलोमीटर मोटार चालवून आणलेल्या बाटलीला कमी गुण द्यायला मन धजावत नाही. कडक, गडद आणि दुर्मिळ बिअर या याद्यांमध्ये कायम वर असत, याचे कारण काही अंशी येथे आहे. वेस्टव्लेटरेन सुमार आहे, असा याचा अर्थ नव्हे. ती उत्तम आहेच. मात्र, 'सर्वोत्तम' या उपाधीत घोटाचा वाटा किती आणि दुर्मिळतेचा किती, हे त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नव्हते.

मोठ्या कंपन्यांनी नेमके हेच हेरले. 'ट्रॅपिस्ट' हे नाव वापरायचे, तर १९९७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ट्रॅपिस्ट संघटनेचे नियम पाळावे लागतात. तिचे षटकोनी चिन्ह हवे असेल, तर बिअर मठाच्या आवारात किंवा त्याला लागून, मठवासीयांच्या देखरेखीखाली बनायला हवी आणि उत्पन्न मठाच्या गरजा व दानधर्माकडे जायला हवे. 'अॅबी बिअर' या शब्दावर असे बंधन नाही. १९९९ पासून बेल्जियमच्या उत्पादक संघाचे एक स्वतंत्र चिन्ह आहे, पण त्यासाठी एखाद्या विद्यमान किंवा जुन्या मठाशी संबंध आणि मानधन पुरेसे ठरते. एबी इनबेव्हची 'लेफ' ही याच गटातील. दिनाँजवळचा मठ ११५२ चा, बिअर मात्र ल्युवेनच्या कारखान्यातली.

चिन्ह आणि चव यांचे नाते किती सैल आहे, हे आखेलच्या मठाने दाखवून दिले. शेवटचे मठवासी तेथून निघून गेल्याने जानेवारी २०२१ मध्ये आखेल बिअरचे ट्रॅपिस्ट चिन्ह गेले. बिअर बनणे थांबले नाही. २०२३ मध्ये मठ आणि बिअरनिर्मिती एका खासगी उद्योजकाकडे गेली. बेल्जियममध्ये चिन्ह असलेले मठ आता पाचच उरले आहेत : वेस्टव्लेटरेन, वेस्टमाल, ओर्व्हाल, शिमे आणि रोशफोर. बीजेसीपीनेही २०२१ च्या आवृत्तीत आपल्या वर्गवारीतील 'ट्रॅपिस्ट एल' हे शीर्षक बदलून 'मोनॅस्टिक एल' असे केले. नाव झाकून चव पाहणाऱ्या परीक्षकाला पेल्यातून मठवासी ओळखता येणार तरी कसे?

रेटबिअर गेल्यानंतर हौशी परीक्षकांची गर्दी प्रामुख्याने 'अनटॅप्ड' या मोबाइल अॅपवर आहे. तेथे गंध, चव, पोत असे रकाने नाहीत. पाचपैकी एकच आकडा द्यायचा. रकाने असलेले 'बिअरअॅडव्होकेट' हे जुने संकेतस्थळ २०२० मध्ये अनटॅप्डच्याच मालकाने, नेक्स्ट ग्लास या कंपनीने घेतले. ही कंपनी स्वतः बिअर बनवत नाही. मात्र, ज्यांच्या बिअरला गुण मिळतात ते उत्पादक आणि ती विकणारे पब, हे तिच्या सेवांचे ग्राहक आहेत.