रेडिएशननंतर त्वचा लाल नव्हे, काळी पडते; मग लाली का शोधायची?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, केमो संपली की अनेक महिलांपुढे शेवटचा मोठा टप्पा असतो रेडिएशनचा. पिंपळे सौदागरमधील महिलेला त्यासाठी आता शहराबाहेर जावेच लागते असे नाही. शेजारच्या थेरगावात आदित्य बिर्ला रुग्णालयात ही सोय आहे. उपचार घराजवळ आले. त्वचेवरील दुष्परिणाम ओळखण्याची पद्धत मात्र अजून आपल्या रंगापर्यंत पोहोचलेली नाही.

नेमके काय होते?

त्वचेचा वरचा थर सतत झिजतो आणि खालच्या थरातील पेशी त्याची भरपाई करतात. किरणांमुळे या पेशींची वाढ मंदावते. चाकणच्या भाषेत सांगायचे तर वरचा माल संपत जातो आणि खालून पुरवठा तुटतो. त्यामुळे त्रास पहिल्या दिवशी होत नाही. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आग, खाज, कोरडेपणा सुरू होतो. काखेत आणि स्तनाखालच्या घडीत घाम व घर्षणामुळे त्वचा सोलवटून ओलसर जखमही होऊ शकते.

चूक कुठे होते?

डॉक्टर वापरतात त्या ‘आरटीओजी’ आणि ‘सीटीसीएई’ या मापनपट्ट्यांची पहिली पायरी म्हणजे फिकट लाली. गोऱ्या त्वचेवर ती लगेच दिसते. सावळ्या त्वचेवर लालीऐवजी काळपट, जांभळट छटा येते, त्वचा गरम आणि ताठर लागते. लालीच शोधत बसलो तर सुरुवातीची पायरी हुकते. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील सुमारे १० हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये ‘जामा ऑन्कोलॉजी’त प्रसिद्ध झाला. महिलांनी सांगितलेला त्रास डॉक्टरांच्या नोंदीत अनेकदा सौम्य ठरला होता आणि कृष्णवर्णीय महिलांबाबत हे अधिक घडले होते. आपल्याकडे त्यात संकोचाची भर पडते. ‘एवढ्याशासाठी डॉक्टरांना काय दाखवायचे’ म्हणून कित्येक जणी गप्प राहतात.

दुसरी अडचण वेळेची. त्रास सर्वांत जास्त असतो तो बहुधा उपचार संपल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत. म्हणजे रोजची फेरी थांबते आणि जखम बघणारे कोणी नसते, नेमके तेव्हाच.

घरी काय करावे?

* कोमट पाण्याने व सौम्य साबणाने अंघोळ चालते. घासू नका, मऊ कापडाने टिपून घ्या.
* घट्ट ब्रा, तंग ब्लाउज टाळा. सैल सुती कपडे घाला.
* हळदीचा लेप, बर्फ, गरम पाण्याची पिशवी नको. काखेत वस्तरा फिरवू नका.
* कोरफडीचा बचावासाठी ठोस उपयोग सिद्ध झालेला नाही. मोमेटासोनसारखी स्टेरॉइड मलमे त्रास कमी करू शकतात, पण ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच वापरावीत. मेडिकलमधून स्वतः आणू नका.
* फोड, पाणी येणे, दुर्गंधी किंवा ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात कळवा.
* त्रासामुळे स्वतःहून फेऱ्या चुकवू नका. खंड पडला तर उपचाराचा परिणाम कमी होऊ शकतो.

रुग्णालयांनी काय करावे?

दिलासा असा की पाच आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांत १५ फेऱ्या देण्याच्या पद्धतीत त्वचेचा त्रास कमी होतो, हे ब्रिटनमधील ‘स्टार्ट’ चाचण्यांतून दिसले आहे. आपल्याला कोणती पद्धत लागू होते, हे प्रत्येक महिलेने डॉक्टरांना विचारावे.

बाकीच्या गोष्टींना नवे यंत्र लागत नाही. सावळ्या त्वचेची छायाचित्रे असलेले मराठी माहितीपत्रक, दर आठवड्याला परिचारिकेने स्वतःहून केलेली चौकशी आणि शेवटच्या फेरीनंतर दोन आठवडे फोन. कोट्यवधींचे यंत्र बसवणाऱ्या रुग्णालयाला हा खर्च जड जाऊ नये. ट्यूमरवर किती मात्रा पडली याचा हिशेब तिथे काटेकोर ठेवला जातो. तिच्या त्वचेवर काय उमटले, याचीही तितकीच काटेकोर नोंद व्हायला हवी.