वर्षाची आवडती गाणी आणि एक जुनी वही

सरत्या वर्षाच्या शेवटच्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर येत होतो. आमच्या गायनवृंदातील एक मुलगा पायरीवर वाट पाहत उभा होता. मोठ्या हौसेने आपला मोबाईल पुढे करून तो म्हणाला, "फादर, ही माझी वर्षाची गाणी बघा." बारा महिन्यांत त्याने कोणती गाणी किती वेळा ऐकली याचा हिशेब त्या यंत्रानेच ठेवला होता, आणि पहिले, दुसरे, तिसरे असे क्रमांकही लावून दिले होते. आम्ही यादीवरून नजर फिरवली. निम्मी नावे आमच्या ओळखीची नव्हती, हे वाचकांजवळ कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. एक गाणे त्याने ऐकवले. ते खरोखरच गोड होते. कडव्यांच्या मधल्या जागेत व्हायोलिनचा एक सुंदर तुकडा होता. आम्ही विचारले, "हे वाजवले कोणी?"

मुलाने यंत्र वरखाली करून पाहिले. "ते लिहिलेलं नाही, फादर."

गोष्ट एवढ्यावरच राहिली असती. पण त्याची आजी जवळच उभी होती. ती म्हणाली, "आमचे हेसुद्धा दरवर्षी अशीच यादी करायचे, फादर. वही अजून ट्रंकेत आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही आमच्या टेबलावर आली.

पाठीला कापडी पट्टी लावलेली ती साधी शाळेची वही. वर्ष १९५५ पासून पुढे, दर डिसेंबरची एक यादी. ज्यांच्या घरी त्या काळी रेडिओ होता त्यांना या याद्या कसल्या हे सांगावयास नको. तरुण वाचकांसाठी मात्र थोडे सांगतो. १९५२ साली आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती. खात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर हे शास्त्रीय संगीताचे अभिमानी. सिनेमाची गाणी त्यांस हलकी वाटत. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावले! त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी यांचा आवाज घरोघर येऊ लागला. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फिती विमानाने कोलंबोस जात आणि तेथून तो आवाज परत आपल्याकडे येई. पुढे तबकड्यांचा खप व श्रोत्यांची पसंती पाहून गाण्यांना 'पायदान' मिळू लागली, आणि वर्षाच्या शेवटी साऱ्या वर्षाची यादी जाहीर होई. तीत पहिले येईल ते 'सरताज गीत'. या यादीवरून भावाभावांत पैजा लागत. सयानी २०२४ साली निवर्तले तेव्हा अनेक घरांतील वडीलधारी माणसे दिवसभर गप्प होती, हे आम्ही स्वतः पाहिले.

असो. आजोबांच्या वहीकडे वळू. डावीकडे क्रमांक, मग गाणे, मग चित्रपट. आणि उजव्या समासात तांबड्या पेन्सिलीच्या खुणा. या खुणांनीच आम्हांस गुंतवून ठेवले. गायकाबद्दल तेथे एक अक्षर नाही. 'दुसऱ्या कडव्याआधी व्हायोलिने, फार सुरेख.' 'आवाजाच्या मागे दुसरी चाल चालते, ती ऐकावी.' एके ठिकाणी नुसतेच, 'हे कोणी लिहिले?' आणि त्याखाली दोन रेघा.

आजोबा बारदेशातले. लहानपणी तेथल्या चर्चच्या शाळेत 'मेस्त'कडून ते व्हायोलिन शिकले आणि नंतर पोटासाठी घाट चढून खानापूरच्या बाजूस आले. ज्याच्या हाताला वाद्य माहीत असते त्याचा कान गाण्याच्या पुढल्या दारातून न शिरता मागल्या दाराने शिरतो. त्यांस ठाऊक होते की संगीतकार पेटीवर चाल बांधतो खरी, पण तीस-चाळीस वादक एकाच वेळी निरनिराळ्या ओळी वाजवतात ते कोणीतरी कागदावर उतरवल्यावाचून होत नाही. ते कोणी उतरवले, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यांच्या यादीत १९५५ चे सरताज गीत 'श्री ४२०' मधील, जपानी जोड्याचे. १९६१ चे 'ससुराल' मधील, १९६२ चे 'जंगली', १९६४ चे 'संगम' आणि १९६६ चे 'सूरज' मधील. हे शेवटचे तर पुढे लग्नाच्या बँडवाल्यांनी इतके वाजवले की नवरा-नवरी बदलत, गाणे तेच राही! या पाचही चित्रपटांचे संगीत शंकर-जयकिशन यांचे. आणि १९५२ पासून १९७५ पर्यंत शंकर-जयकिशन यांचे वाद्यवृंद-संयोजन करणारा माणूस एकच: सेबॅस्टियन डिसोझा. जन्म १९०६, गाव गोव्यातील रेईश मागूश. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात त्यांचा स्वतःचा बँड होता. तो मोडल्यावर ते मुंबईस आले. गायकाच्या आवाजामागे व्हायोलिनांची जी दुसरी चाल हळूच चालत राहते, आणि जी आजोबांनी समासात अचूक टिपली, ती या गृहस्थांची खासियत मानली जाते. तबकडीवर चित्रपटाचे नाव असे, गायकाचे असे, संगीतकाराचे असे. संयोजकाचे सहसा नसेच.

असा एकच मनुष्य असता तर आम्ही त्यास नशीब म्हटले असते. पण मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांची रांगच होती. कारण साधे आहे. पाच रेघांवरची स्वरलिपी पाहताक्षणी वाजवणारी माणसे त्या काळी तेथे सहज मिळत, कारण गावच्या चर्चशाळेत पोराला आधी 'सोल्फेजो' घोकावा लागे आणि मगच त्याच्या हाती वाद्य येई. दुपारच्या उन्हात, पोटात भूक असताना सा-रे-ग-म ऐवजी दो-रे-मी म्हणत बसलेल्या त्या पोरांस आपण पुढे हिंदुस्थानभर ऐकले जाणार आहोत याची कल्पना तरी असेल काय? माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे वडील तेथल्या चर्चमध्ये गायनवृंद सांभाळीत. मुलगा नौशाद यांच्या ताफ्यात व्हायोलिन वाजवू लागला. पुढे १९५८ साली त्याने मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात आपल्या रागांवर रचलेले वाद्यवृंदाचे संगीत सादर केले. त्यांचा एक शिष्य म्हणजे प्यारेलाल. याच शिष्याच्या संगीताने नटलेल्या १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मध्ये गुरूचे नाव गाण्यात आले. आमच्या गायनवृंदातील त्या मुलास ते गाणे तोंडपाठ होते. अँथनी गोन्साल्विस नावाचा खराखुरा मनुष्य होऊन गेला व तो २०१२ साली वारला, हे ऐकून मात्र तो आमच्याकडे अविश्वासाने पाहू लागला. "मला वाटलं, सिनेमातलंच नाव आहे."

आमच्या वृंदात आता एक कीबोर्ड आहे. व्हायोलिनचा आवाज त्यातील एका बटणावर असतो. तक्रार करीत नाही. नाताळच्या मध्यरात्री त्याने आमची लाज राखली आहे.

परवा संध्याकाळी वही परत करण्यास आम्ही त्यांच्या घरी गेलो. आजींना सारा वृत्तान्त सांगितला. सेबॅस्टियन डिसोझा हे नाव त्यांनी दोनदा उच्चारून पाहिले, आणि गाव ऐकताच हातातील कपबशी खाली ठेवली.

"रेईश मागूश? तीन राजांच्या फेस्ताला हे दरवर्षी तिथं चालत जायचे, फादर. मांडवीच्या काठानं."

पुढे बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. नातवाने वही उघडली, 'हे कोणी लिहिले?' या दोन रेघांखाली बोट ठेवले व आम्हांकडून अक्षरे विचारून घेत नाव लिहिले. तांबडी पेन्सिल घरात सापडली नाही. निळ्या पेनानेच लिहिले. निघताना त्याने भिंतीवरची पेटी काढून दाखवली. व्हायोलिनच्या दोन तारा गेल्या आहेत, खुंटी एक सैल आहे. बेळगावात दुरुस्त करणारा कोणी आहे काय, असे तो विचारीत होता. वाचकांपैकी कोणास माहीत असल्यास आम्हांस कळवावे.