पोरांना जोखणारा डोळा कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री भास्करनगरच्या टेकडीवरचा एक मुलगा कागद घेऊन माझ्याकडे आला. बाप सफाईच्या कंत्राटावर, आई चार घरची धुणीभांडी करते, पोरगा एस.वाय.बी.ए.ला. कॉलेजच्या कबड्डी संघात डावा कोपरा खेळतो. एका व्यावसायिक संघासाठी नव्या मुलांची निवड चाचणी होती, तिथे तो गेला होता. पहाटेची लोकल पकडून रांगेत उभा राहिला, दुपारी दोनला नंबर लागला. उंची घेतली, वजन केले, तीस मीटर पळायला लावले आणि पाच मिनिटे मॅटवर उभे केले. त्या पाच मिनिटांत त्याच्या कोपऱ्याकडे चढाईपटू आला फक्त एकदा. पायातले बूट मित्राचे, एक नंबर मोठे. जन्मभर मातीत खेळलेल्या पोराचा पाय मॅटवर सरकला. कागदावर शेरा आहे दोनच शब्दांचा: ‘शरीरयष्टी अपुरी’.

‘‘वकीलसाहेब, यावर केस होते का?’’

‘‘नाही होत रे,’’ मी म्हणालो. त्याची आई दारातच उभी होती. ती म्हणाली, ‘‘पण साहेब, हा खेळतो चांगला, ते कुठं लिवलंय का?’’

त्या माउलीचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण कायद्याचे पुस्तक घेऊन मी जे शोधत होतो, ते तिने एका वाक्यात सांगितले होते. हा मुलगा कॉलेजकडून दोन वर्षे खेळला. त्याने किती पकडी केल्या, किती वेळा घोटा सुटला, संघात तीनच गडी उरले असताना अव्वल पकड किती वेळा केली, हे कुठेही लिहिलेले नाही. सामना संपला की गुणपत्रकाचा कागद कोणाच्या तरी खिशात जातो आणि धुण्यात भिजतो. मग चाचणी घेणाऱ्याने बघायचे काय? पाच मिनिटांत जे दिसले ते. आणि कोणाची चिठ्ठी आली आहे ते.

यात पैसा किती आहे हे आपल्या वस्तीतल्या लोकांना नीट माहीत नाही, म्हणून सांगतो. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. ५ आणि ६ ऑगस्ट २०२२ ला नवव्या हंगामाचा लिलाव मुंबईत झाला, तेव्हा प्रत्येक संघाला खर्चायला ४ कोटी ४० लाख रुपये होते. सर्वांत खालच्या ‘ड’ गटाची मूळ किंमत ६ लाख, ‘अ’ गटाची ३० लाख. पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाखांची बोली लागली. याच लिलावाच्या यादीत खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम फेरीतल्या दोन संघांचे २४ खेळाडू घेतले गेले. म्हणजे कॉलेजच्या मैदानातून थेट लिलावाच्या टेबलापर्यंत दार उघडले. दार उघडले ही चांगलीच गोष्ट. पण ते अंतिम फेरीत पोहोचलेल्या दोन विद्यापीठांना उघडले. ज्या कॉलेजला मॅट नाही, प्रशिक्षक नाही, बाहेरगावच्या सामन्याला जायचे भाडे मुलांनी वर्गणी काढून भरायचे, त्या कॉलेजचा मुलगा त्या दारापर्यंत जाणार कसा?

आणि बोली लावणाऱ्यांची पारख अचूक असते असेही समजू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली ३६ लाख ४० हजारांना गेला. एक हंगाम खेळला आणि २०१९ ला त्याच पोराची किंमत १ कोटी ४५ लाख झाली. वर्षभरात पोरगा चौपट झाला नव्हता. त्याचा खेळ टीव्हीच्या कॅमेऱ्याने चढाई-चढाईने टिपला, नोंदवला, आणि नाकारण्याची सोय उरली नाही, एवढेच झाले.

नोंद नसली की निर्णय डोळ्यावर जातो. आणि या देशात डोळ्याला जात असते.

बाळू पालवणकरांचे उदाहरण आपल्या वाचकांना नवे नाही. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर खेळपट्टीची देखभाल करणारा हा चर्मकार पोरगा नेटमध्ये गोरे साहेबांना गोलंदाजी टाकता टाकता मोठा झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. गोलंदाजी नाकारता येईना, कारण बळी कागदावर मोजलेले होते. पण हिंदू संघाचे कर्णधारपद? ते बाळूंना कधीच मिळाले नाही. बळी मोजता येतात, ‘नेतृत्वगुण’ मोजता येत नाहीत, ते निवड समितीला ‘दिसावे’ लागतात! १९२३ साली धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले तेही भांडणानंतर. (हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांसमोर उभे राहिले आणि हरले, ते आपण विसरलेलो नाही. पण राजकारणाचा हिशेब वेगळा आणि बळींचा वेगळा.)

हा रोग आपल्याकडचाच आहे असेही नाही. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना व्यावसायिक संघांनी पाळीपाळीने निवडून घेण्याची पद्धत १९३६ पासून आहे. त्यांचा फुटबॉल आपल्यासारखा नाही. त्यात ‘क्वार्टरबॅक’ म्हणून एक जागा असते, तो संघाला डाव सांगतो आणि चेंडू कोणाला फेकायचा ते ठरवतो. काळा माणूस पळेल, अंगावर जाईल, पण डोके चालवणार नाही, अशी तिथल्या पारख्यांची पक्की समजूत. वॉरेन मून नावाचा काळा क्वार्टरबॅक वॉशिंग्टन विद्यापीठाकडून खेळला, १९७८ च्या रोझ बाउल या मोठ्या सामन्यात सर्वोत्कृष्ट ठरला. त्या वर्षीच्या निवडीत एकाही संघाने त्याला घेतले नाही. जागा बदल, मग बघू, असा सूर होता. मून कॅनडाला गेला, तिथे त्याच्या संघाने सलग पाच वेळा अजिंक्यपद जिंकले. मग अमेरिकेने त्याला परत बोलावले, आणि २००६ साली त्यांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचे नाव लागले. ही जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. लामार जॅक्सनला २०१६ साली कॉलेजचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सन्मान मिळाला, तरी २०१८ मध्ये त्याने जागा बदलावी असे जाणकार टीव्हीवरून सांगत होते. पहिल्या फेरीत त्याचा नंबर शेवटचा, बत्तिसावा. पुढच्याच हंगामात, २०१९ ला, तो एकमताने सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.

ज्या देशात धावण्याच्या सेकंदाचा शंभरावा भाग मोजतात आणि प्रत्येक सामन्याचे चित्रण असते, तिथे ही तऱ्हा. तिथे निदान नंतर तरी पारख्याला तोंडावर आकडे फेकून मारता आले. आपल्या पोराकडे फेकायला आकडेच नाहीत.

आता कायद्याचे. लीग खासगी कंपनी चालवते, करार संघमालक आणि खेळाडू यांच्यात होतो. राखीव जागांची घटनेतली तरतूद तिथे पोहोचत नाही. राष्ट्रीय संघाच्या निवडीचे मात्र तसे नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेसाठी कबड्डीचा संघ निवडताना पक्षपात झाला अशी तक्रार दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने संघाला जकार्ताला जाऊ दिले, पण परतल्यावर १५ सप्टेंबरला निवडलेले आणि डावललेले यांचा सामना लावा, असा आदेश दिला. निवृत्त न्यायाधीश बघायला बसले. डावललेले मॅटवर आले, निवडलेले फिरकलेच नाहीत. त्या स्पर्धेत पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरून कांस्यपदक घेऊन आला होता. २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. पण न्यायाधिकरणापुढेही पुरावा लागतोच. मी वीस वर्षे कोर्टात उभा आहे. तोंडी साक्षीवर गरिबाची केस किती टिकते ते मला ठाऊक आहे.

आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, पोरांना कबड्डीत कशाला घालता, स्पर्धा परीक्षेला बसवा. त्यांचे अर्धे बरोबर आहे. पण मुंबई-ठाण्याच्या कामगार वस्त्यांत कबड्डी हा नुसता खेळ नव्हता, नोकरीचा रस्ता होता. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, देना बँक यांचे संघ होते; बाहेरच्या स्पर्धेत पोरगा चमकला की त्याला बोलावणे यायचे आणि घरात पगार सुरू व्हायचा. देना बँक २०१९ ला विलीन झाली, एअर इंडिया २०२२ ला टाटांकडे गेली. रस्ता अरुंद झाला. उरलेल्या अरुंद रस्त्यावर लिलावाचे टेबल मांडले आहे. तिथे आपली पोरे उभीच राहायला नकोत असे म्हणणे म्हणजे दुसऱ्यासाठी जागा सोडणे आहे.

संघमालकांकडे आपली मागणी साधी असावी. चाचणीचे निकष आधी छापा, प्रत्येक मुलाला त्याच्या मोजमापाची प्रत द्या, नाकारले तर कारण दोन शब्दांत नको, आकड्यांत द्या. कॉलेजांनी आणि विद्यापीठाने प्रत्येक सामन्याचे गुणपत्रक खेळाडूच्या नावानिशी जपून ठेवावे. हे मागायला आंदोलन करावे लागले तर करू.

पण आपल्या हातात आहे ते तरी आपण करतो का? १४ एप्रिलच्या निमित्ताने वस्त्यावस्त्यांत कबड्डीचे सामने होतात. बक्षिसाचा चषक माणसाच्या उंचीचा, डीजेचा खर्च विचारू नका, आणि गुणलेखकाच्या हातात फाटका कागद. ज्या बाबासाहेबांनी आयुष्यभर पुरावे आणि दस्तऐवज गोळा करून वाद घातला, त्यांच्या जयंतीच्या सामन्याची नोंद तिसऱ्या दिवशी सापडत नाही! एक मोठी वही, कोणाची पकड कितव्या चढाईला झाली हे लिहिणारा एक मुलगा, आणि स्टँडवर लावलेला एक मोबाइल. डीजेच्या एका तासात वर्षभराचा खर्च निघेल.

टेकडीवरच्या त्या मुलाला मी ही वही आणायला सांगितली. तो दोनशे पानी घेऊन आला. आता खारीगावात, विटाव्यात कुठेही सामना असला की बाहेर बसलेला एक गडी त्यात लिहितो. परवा मी पाने चाळली. पहिल्याच पानावर, स्वतःच्या नावापुढे त्याने लिहून घेतले आहे: तिसरी चढाई, घोटा सुटला, डावा पाय मागे राहिला.