नीवीची वही

एकत्र कुटुंबांत खर्चाविषयीं तक्रार ऐकूं येते ती बहुधा महागाईची. महागाई आहेच, परंतु चार मिळवते हात असलेल्या घरांतहि महिनाअखेर ओढाताण कां व्हावी, याचें उत्तर केवळ बाजारभावांत सांपडत नाहीं. पूर्वीं घरचा पैसा एका पेटींत असे व तिची किल्ली एकाच्या कमरेला असे. त्या व्यवस्थेंत सुनांचे हाल होत, हें आम्ही नाकारीत नाहीं, आणि ती परत यावी असेंहि आम्हांस वाटत नाहीं. पण पेटी रिकामी होतांना डोळ्यांस दिसे. २०१६ सालीं यूपीआय सुरू झालें, आणि हळूहळू ज्याची पेटी त्याच्या खिशांत गेली. भावानें दूध मागविलें, पुतण्यानेंहि मागविलें, दोघांनींहि चांगल्या बुद्धीनें. सायंकाळीं दूध नासलें.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हिशेबाच्या प्रकरणीं आय, व्यय आणि नीवी अशीं पदें येतात. नीवी म्हणजे आयांतून व्यय वजा जातां उरलेली शिल्लक. आमच्या घरीं नऊ माणसें आहेत, आणि स्वयंपाकघराच्या खुंटीला एक वही टांगलेली आहे; मुलें तिला 'नीवी' असेंच म्हणतात. रात्रीं पानें उठल्यावर ज्यानें त्यानें आपला फोन पाहून दिवसाचा खर्च तिच्यांत लिहावयाचा: रक्कम, वस्तु व आपलें नांव. कोणीं कोणास जाब विचारावयाचा नाहीं, हा नियम आमच्या वहिनींनीं घातला, आणि वही टिकली ती त्यामुळेंच. जाब सुरू झाला कीं लोक खोटें लिहूं लागतात. पहिल्याच महिन्यांत बाहेरून मागविलेल्या खाण्याचा आंकडा किराण्याच्या निम्म्यावर गेलेला दिसला. कोणी कांहीं बोललें नाहीं. पुढील महिन्यांत तो आपोआप उतरला.

कौटिल्यानें व्ययाचेहि भेद केले आहेत. नित्याचा खर्च निराळा आणि त्यांतून उपजणारा खर्च निराळा. या दुसऱ्यास तो नित्योत्पादिक म्हणतो. आम्ही हें पद जरा सैल अर्थानें वापरतों, पंडितांनीं क्षमा करावी. वस्तूची किंमत सर्वच विचारतात. तिच्या पाठोपाठ येणारा खर्च फारसा कोणी विचारीत नाहीं. पाणी शुद्ध करण्याचें यंत्र घेतलें कीं त्याच्या गाळण्या वेळोवेळीं बदलणें आलें. उलट, साधा छताचा पंखा सुमारें ७५ वॅट वीज खातो, नवा बीएलडीसी पंखा सुमारें ३० वॅट. रोज १२ तास व वर्षांत ३०० दिवस फिरला, तर १६२ युनिटें वांचतात. आपल्या वीजबिलांतील दरानें त्यांस गुणावें, आणि मग अधिक किंमत किती वर्षांत वसूल होते तें पाहावें.

किराण्याविषयीं थोडेंच सांगतों. यादी डबे उघडून करावी, आठवून नव्हे. पाकिटावरील एमआरपी ही कमाल किंमत असते, तीहून कमी घेण्यास दुकानदारास मनाई नाहीं. तिच्याजवळच दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापलेला असतो. मोठें पाकीट दर वेळीं स्वस्त पडतेंच असें नाहीं.

क्रेडिट कार्डाचें मात्र तसें नाहीं, येथें थांबावें लागेल. आमच्या परिचयाच्या एका घरीं तिघे बंधू एकत्र राहत. धाकट्याच्या कार्डावर देणें सांचलें होतें, आणि तो दरमहा बिलांतील 'किमान रक्कम' भरून निश्चिंत असे. मातोश्रींच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं त्याचा वांटा देतां येईना, तेव्हां गोष्ट उघडकीस आली. मातोश्री बऱ्या झाल्या. पण वर्षाच्या आंत त्या घरांत तीन चुली झाल्या. देणें फार मोठें नव्हतें, लपविलें गेलें हें लागलें.

किमान रकमेचा हिशेब शाळेंतील मुलासहि येईल. समजा, देणें २०,००० रुपये, किमान रक्कम शेंकडा ५ म्हणजे १,००० रुपये, आणि व्याज दरमहा शेंकडा साडेतीन. व्याजाचे ७०० रुपये झाले, त्यावर शेंकडा १८ प्रमाणें जीएसटीचे १२६. भरलेल्या हजारांतून मुदलांत जमा झाले अवघे १७४! शिवाय जुनी बाकी राहिली असतां नव्या खरेदीसहि बिनव्याजी मुदत साधारणतः मिळत नाहीं. असें देणें कोणाच्या नांवावर असेल, तर घरांतील ठेव मोडून तें आधीं फेडावें. ठेवीचें व्याज याच्या पासंगासहि पुरत नाहीं. हें बोलणें वडील माणसानें एकांतांत, आवाज न चढवितां काढावें.

राहतां राहिले वर्षांतून एकदांच येणारे खर्च: विम्याचा हप्ता, घरपट्टी, मुलांची फी, दिवाळी. अनेक घरीं हे खर्च दर वर्षीं 'अचानक' येतात, याचें आम्हांस नवल वाटतें. त्यांची बेरीज करून तिला बारांनीं भागावें; ७२,००० झाले तर दरमहा ६,००० रुपये पगाराच्या दिवशींच निराळ्या खात्यांत टाकावे. आमच्या वहींत त्यासाठीं शेवटचें पान राखलेलें आहे, आणि त्यावरील बेरीज दर महिन्यास आमची सातवींतील नात करते.