एक जपानी चित्रकथा आणि कुडपणचें घर

घरांतल्या मुलामुलींच्या हातीं कोणतें पुस्तक असावें, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत एकट्या आईबापांचा कधींच नसतो. आजी, काका, आत्या, दुपारीं वर्तमानपत्र चाळावयास येणारे शेजारी, या सर्वांचें त्याविषयीं कांहींना कांहीं मत असतें. आणि ज्यानें तें पुस्तक उघडलेलेंच नाहीं त्याचें मत बहुधा सर्वांत ठाम असतें. १८९० सालीं हरिभाऊ आपट्यांचें 'करमणूक' सुरू झालें व कादंबरी आठवड्याआठवड्यानें प्रकरणशः घरांत येऊं लागली. पुढें ना. सी. फडके यांच्या कॉलेजांतील तरुणतरुणींच्या कथा आल्या. कादंबरी वाचून मुलें बिघडतात ही तेव्हांची चिंता आतां जपानांतून येणाऱ्या चित्रकथांकडे वळली आहे. तिकडे त्यांना 'मांगा' म्हणतात, आणि शाळेंतील मुलामुलींच्या हलक्याफुलक्या प्रेमकथा हा त्यांतला एक फार मोठा प्रांत आहे.

आमच्या घरीं हा वाद एका नांवावरून पेटला. आमच्या पुतण्याची मुलगी दहावींत आहे. तिच्या हातांतील पुस्तकाचें नांव 'स्किप अँड लोफर'. आमच्या वहिनींनीं तें वाचलें आणि त्या म्हणाल्या, "लोफर? आतां हेंच वाचायचें राहिलें होतें!"

"अग आजी, लोफर म्हणजे बूट! बिनबंदांचे. तिकडे शाळेंत घालतात."

"मग बूट पायांत असावेत, पुस्तकावर कशाला?" असें म्हणून वहिनींनीं चष्मा मागितला.

आपल्याकडे 'लोफर' ही शिवी झाली आहे. तेथें मात्र उड्या मारीत चालणें आणि शाळेचे बूट, एवढाच त्या नांवाचा अर्थ. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचावयाचें असतें व इंग्रजी भाषांतरांतही तोच क्रम ठेवतात. त्यामुळें वहिनींनीं प्रथम शेवट वाचला, आणि "हें तर मधूनच सुरू होतें" असा अभिप्राय दिला.

ही कथा मिसाकी ताकामात्सु या लेखिकेनें २०१८ सालीं कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या 'आफ्टरनून' मासिकांत क्रमशः सुरू केली. शब्द तिचे आणि चित्रेंही तिचींच. जपानांत मुलींसाठीं 'शोजो', मुलग्यांसाठीं 'शोनेन' आणि प्रौढ पुरुषांसाठीं 'सेइनेन' अशी चित्रकथांच्या मासिकांची सर्वसाधारण विभागणी असते. 'आफ्टरनून' हें यांपैकीं तिसऱ्या वर्गांतलें. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीची ही शाळेची गोष्ट जेथें प्रथम छापली गेली तें मासिक मुख्यतः मोठ्या पुरुषांसाठीं निघतें. हें आम्हीं घरांत मुद्दाम मोठ्यानें वाचून दाखविलें. २०२१ पासून तिचे भाग इंग्रजींत येऊं लागले. २०२३ सालीं तिला कोदान्शा पुरस्कार मिळाला व त्याच वर्षीं तिच्यावरून चलच्चित्रमालिकाही निघाली.

कथानायिका मित्सुमी इवाकुरा ही नोतो द्वीपकल्पाच्या टोकाकडील एका ओस पडत चाललेल्या गांवची. टोकियोंतील एका नामांकित शाळेच्या प्रवेशपरीक्षेंत ती पहिली आली आहे. तिच्या आयुष्याचा आराखडा तयार आहे: उत्तम विद्यापीठ, मग मोठी सरकारी नोकरी, त्या नोकरींत ओस पडणाऱ्या गांवांच्या प्रश्नाचा निकाल, आणि अखेर आपल्याच गांवीं परत येऊन तेथील नगराध्यक्षपद. एवढी योजना डोक्यांत घेऊन ती पहिल्या दिवशीं घराबाहेर पडते आणि आगगाड्यांच्या जाळ्यांत वाट चुकते. सोसुके शिमा नांवाचा देखणा, निवांत वृत्तीचा सहाध्यायी तिला भेटतो. दोघें धांवत शाळा गांठतात. नव्या विद्यार्थ्यांच्या वतीनें तिचें भाषण ठरलेलें असतें. कागद जवळ नसतांना ती तें पाठ म्हणते, आणि व्यासपीठावरून उतरल्यावर शिक्षकांच्या अंगावर ओकते! प्रेमकथेच्या नायिकेचा असा प्रवेश आम्हीं तरी आजवर पाहिला नव्हता.

येथें लेखिकेची खरी परीक्षा होती. खेडवळ मुलगी शहरांत येते, फजित पावते, आणि वाचक हंसतो; हा साचा आपल्या नाटकांना व चित्रपटांना चांगला ठाऊक आहे. ताकामात्सु बाईंनीं हंसूं ठेवलें आहे, पण त्यांतून कुचेष्टा काढून टाकली आहे. मित्सुमी भाबडी आहे, मूर्ख नाहीं. तिच्या सरळपणापुढें शहरांतल्या मुलांचेच मुखवटे ढिले होतात. मिका एगाशिरा ही मुलगी प्रथम तिचा मत्सर करते. पूर्वी लठ्ठ म्हणून चेष्टा सोसलेली, आणि मोठ्या कष्टानें स्वतःस नवें रूप दिलेली. तिच्याकडेच मित्सुमी जाते आणि 'मला व्हॉलीबॉल शिकव' म्हणते. शिमा लहानपणीं नट होता व घरच्या दुःखानें आंतून मिटलेला आहे. प्रेम असेल तर तें यांतून इतक्या सावकाश उमलतें कीं, पुष्कळदां तें प्रेम आहे कीं नुसता विश्वास, हें त्या मुलांनाही सांगतां येत नाहीं. ज्यांच्या मनांत 'प्रेमकथा' या शब्दासरशीं भलतीं चित्रें उभीं राहतात त्यांची येथें निराशाच होईल.

मराठींत शाळेंतील प्रेमाची गोष्ट म्हटली म्हणजे मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) आठवते. आणीबाणीच्या काळांतला नववीचा मुकुंद जोशी आणि त्याच्या वर्गांतली शिरोडकर. ती कादंबरी अधिक खोल आहे, हें आम्ही निःशंकपणें म्हणूं. पण तिच्यांतलें प्रेम मोठ्यांच्या नजरेआड ठेवावें लागतें, आणि उघडकीस आलें कीं त्याचा अपराध होतो. जपानी कथेंत मित्सुमीला टोकियोंत सांभाळणारी तिची आत्या आहे, नाओ. नाओ जन्मानें तिच्या वडिलांचा भाऊ, पण स्त्री म्हणून जगणारी. लेखिका या गोष्टीचा गाजावाजा करीत नाहीं. आत्या ही आत्या असते, एवढेंच. दिवसभरांत जें घडलें तें मुलगी संध्याकाळीं तिच्यापाशीं बोलते. त्या कथेचा हलकेपणा विनोदापेक्षां या बोलण्यांतून आलेला आहे, असें आमचें मत झालें. मुलीला सांगावयास एक वडील माणूस आहे, म्हणून तिच्या फजितीचें दुःख होत नाहीं, गंमत होते. आमच्या घरांत वडील माणसें नऊ आहेत. त्यांतल्या कोणापाशीं आमची नात असें बोलते, हा हिशेब आम्हीं मनांतल्या मनांत केला. आंकडा येथें देत नाहीं.

आतां कुडपणाविषयीं. गेल्या पावसाळ्यांत आम्ही सहकुटुंब पोलादपूर तालुक्यांतील या गांवीं गेलों होतों. सातारा व रत्नागिरी जिल्ह्यांच्या सीमेजवळ, सह्याद्रीच्या कुशींत, वळणावळणाच्या रस्त्यानें तेथें जावें लागतें. सिंहगडच्या लढाईंतील शेलारमामांचें हें गांव. 'भीमाची काठी' नांवाचा सुळका व पावसाळ्यांतले धबधबे पाहण्यास हल्लीं पर्यटकही येतात. त्या वळणांवरही नातीच्या हातून पुस्तक सुटलें नव्हतें. पावसाची सर आली म्हणून एका घराच्या पडवींत टेकलों, तों घरच्या म्हातारबाईंनीं न मागतां कोरा चहा पुढें केला. घरांत दुसरें कोणी दिसेना. "पोरं समदी मुंबैला. गणपतीला येतात, शिमग्याला येतात," त्या म्हणाल्या. मुलीच्या हातांतल्या चित्रांकडे त्या कुतूहलानें पाहूं लागल्या, तेव्हां तिनें पान उघडून दाखविलें.

"आजी, ही मुलगीपण अशाच लांबच्या गावातली आहे. शिकायला शहरात गेलीये. पण परत येणार आहे ती."

म्हातारबाई हंसल्या. "जाताना समदी असंच बोलतात, बाय."

त्या शब्दांत कडवटपणा नव्हता. पाऊस पडतो म्हणावें तसें त्या म्हणाल्या. पण घाट उतरतांना बराच वेळ पोर गप्प होती, आणि मग तिनें विचारलें, "आजोबा, मित्सुमी येईल ना परत?"

हलक्याफुलक्या गोष्टींतला हा प्रश्न महाड-पोलादपुराकडे हलका राहत नाहीं. मुंबईच्या गिरण्यांनीं कोंकणांतल्या किती घरांतलीं कर्तीं माणसें नेलीं, हें नव्यानें सांगावयास नको. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले, तरी वाट उलटी फिरली नाहीं. महाराष्ट्रांत वीसांहून कमी पट असलेल्या सरकारी शाळा १४,००० हून अधिक आहेत, असें २०२३ सालीं पुढें आलें, व अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याची सरकारी योजनाही त्याच वर्षीं निघाली. तिच्या बाजूनें बोलणाऱ्यांपाशीं सबळ कारणें आहेत. तथापि, गांवची शाळा गेली कीं गांवांतलें लहान मूल सहाव्या वर्षींच 'जाणारें' होतें, हेंही तितकेंच खरें. शिवाय उरतो तो निसर्गाचा घाला. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांत तळिये येथें दरड कोसळून ८० हून अधिक माणसें दगावलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंही त्याच दिवशीं बळी गेले. आणि १ जानेवारी २०२४ रोजीं मित्सुमीच्या त्या नोतो द्वीपकल्पास ७.६ प्रतीच्या भूकंपानें हादरविलें. पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडीं विनोदासाठीं घातलेली गांव वांचविण्याची प्रतिज्ञा त्यानंतर वाचतांना पूर्वीसारखी हंसत वाचवत नाहीं.

दुसऱ्यांच्या गांवांविषयीं हळहळणें सोपें आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घराणीं दोनतीन पिढ्यांपूर्वीं अशाच कोंकणी गांवांतून पुण्यामुंबईस आलीं. वाटणीच्या कागदावर राहिलेलें घर, कुलदैवताच्या दर्शनापुरती वर्षांतून एक खेप, आणि आंबे कोणी काढले याची चौकशी, इतकाच त्या गांवाशीं संबंध. कुडपणच्या म्हातारबाईंचें वाक्य त्यांच्या मुलांपेक्षां आम्हांलाच अधिक लागू पडतें. आमचे पणजोबाही 'शिकून परत येतों' असें सांगूनच बोटींत बसले होते. नातीच्या प्रश्नास आम्हीं जें उत्तर दिलें तें असें: "आमच्या हातीं आलेल्या भागांत ती अजून शाळेंतच आहे."

आम्हांस मित्सुमीहूनही जवळची वाटली ती तिची गांवची मैत्रीण फुमी. ती कोठें गेली नाहीं. रात्रीं दूरध्वनीवर ती टोकियोच्या हकीकती ऐकते, हंसते, क्वचित् कान उपटते, आणि सकाळीं आपल्या गांवच्या वाटेनें आपल्या शाळेस जाते. मागें राहिलेल्या मुलीला लेखिकेनें कोठेंही केविलवाणी केलेली नाहीं. उन्हाळ्याच्या सुट्टींत मित्सुमी घरीं येते, तेव्हां टोकियोची कौतुकें सांगण्यापूर्वीं ती हिला शोधीत निघते; आणि दोघी भेटल्या कीं त्यांचें बोलणें मागील अंकावरून पुढें चालू होतें.